हाक, निरोप आणि घंटी : भंडारा जिल्ह्यातील फोनच्या रीतीचा इतिहास

चारचौघांत मोबाईल कसा वापरावा हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उपजला असे सर्वसाधारणपणे समजले जाते आणि त्याचे उत्तर बहुधा नव्या पिढीला द्यायच्या सूचनांत शोधले जाते; परंतु दूरच्या माणसापर्यंत शब्द पोचवताना जवळच्या माणसांचे भान कसे राखायचे, ही मूळ अडचण मोबाईलपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि प्रत्येक काळाने आपल्या हाती असलेल्या साधनांनुसार तिच्यावर काही रीती बसवलेल्या आहेत. या रीतींचा माग काढायला भंडारा जिल्हा विशेष सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांपुरता उरलेला, वैनगंगेच्या काठचा, धानाचा आणि तलावांचा हा जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख वस्तीचा आहे, आणि येथील बहुसंख्य घरांनी तारेचा फोन कधी घरात घेतलाच नाही. कोतवालाच्या दवंडीपासून खिशातल्या मोबाईलपर्यंतचा पल्ला येथे दोन पिढ्यांच्या आत ओलांडला गेल्यामुळे एक रीत कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हे सांधे अजून स्पष्ट दिसतात.

'शिष्टाचार' या शब्दात शिष्टांचा, म्हणजे शिकल्यासवरलेल्यांचा, आचार अभिप्रेत असतो, तर 'रीत' म्हणजे गावाने न लिहिता मान्य केलेले वागणे; फोनच्या बाबतीत दुसरा शब्द अधिक नेमका आहे, कारण फोन कसा वापरावा हे भंडाऱ्यातल्या लोकांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. ते शिकवले मुख्यतः किमतीने. फोन महाग आणि दुर्मीळ होता तोवर बोलणे आटोपशीर, हेतूपुरते आणि आसपासच्यांना जपून होत असे. किंमत जसजशी उतरली तसतसा त्या वागण्याचा आधार निखळत गेला, आणि गेल्या काही वर्षांत सरकारी परिपत्रके, रेल्वेचे आदेश आणि बसमधल्या पाट्या यांच्या रूपाने जे नियम समोर आले आहेत ते या निखळलेल्या आधाराची जागा भरून काढण्याचे प्रयत्न आहेत.

फोन येण्यापूर्वीच्या गावात दूर जाणाऱ्या शब्दाचे दोन प्रकार होते आणि त्यांची सरमिसळ होऊ दिली जात नसे. पहिला प्रकार दवंडीचा. ग्रामसभा असो, साऱ्याची वसुली असो की रोगराईची सूचना, गावचा कोतवाल चौकाचौकांत थांबून ती मोठ्याने सांगे, आणि ती सर्वांची असल्यामुळे ऐकणाऱ्याची परवानगी विचारण्याचा प्रश्नच येत नसे. दुसरा प्रकार निरोपाचा. निरोप एका घरचा असे, तो ज्याचा त्यालाच द्यायचा असे, आणि निरोप्याने वाटेत भेटलेल्या तिसऱ्या माणसाजवळ तो उघड केला तर त्याच्यावरचा विश्वास कायमचा जाई. मालगुजारीच्या काळात, म्हणजे मध्यप्रांतात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी आणि गावच्या जमिनीवरील मालकी एकाच घराण्याकडे सोपवणारी जी पद्धत १९५१ साली कायद्याने संपली तिच्या काळात, मालगुजाराच्या वाड्यावरचा निरोप आणि कुणब्याच्या घरचा निरोप यांच्या वजनात फरक असला तरी गुप्ततेचा दंडक दोन्हींना सारखाच होता. वाईट बातमीचा निरोप तर आणखी एका सौजन्याने बांधलेला होता : माणूस गेलेला असला तरी दूरच्या नातलगाला 'तब्येत जास्त आहे, लवकर या' एवढेच कळवायचे, म्हणजे वाटेत त्याचे अवसान गळू नये. कोपरा फाडलेले पोस्टकार्ड न वाचताही मृत्यूची बातमी सांगे, आणि तार आली म्हटल्याबरोबर घरात रडारड सुरू होई. ही तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, पण 'तब्येत जास्त आहे' हे वाक्य मात्र तारेतून ट्रंक कॉलमध्ये आणि तेथून मोबाईलमध्ये जसेच्या तसे आले आहे. फोनने रीती मोडल्या असे म्हणणाऱ्यांनी हे एक वाक्य तरी लक्षात घ्यावे.

भारतात टेलिफोन एक्सचेंज, म्हणजे एका वर्गणीदाराची तार दुसऱ्याच्या तारेला जोडून देणारी केंद्रे, २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे सुरू झाली. तार आणि टेलिफोन या दोहोंना लागू झालेला भारतीय तार कायदा १८८५ चा. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात मात्र स्वातंत्र्यानंतरही बराच काळ फोन म्हणजे कचेरी, पोलीस ठाणे, पोस्ट, तुमसरसारख्या बाजारपेठेतले तांदळाचे व्यापारी, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगेनीज खाणी, एखादा डॉक्टर आणि मोजकी सधन घरे एवढाच पसारा होता. गावाबाहेर बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ठेवावा लागे. ट्रंक कॉल म्हणजे एका गावच्या एक्सचेंजमधून दुसऱ्या गावच्या एक्सचेंजमार्फत हाताने जोडून दिलेला कॉल. त्याचे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे चढत्या दराचे वर्ग होते आणि हिशोब तीन-तीन मिनिटांचा असे. तासन्‌तास वाट पाहून लागलेला कॉल, खरखरणारी तार आणि संपत आलेली तीन मिनिटे अशा अवस्थेत माणूस ओरडूनच बोलणार. आणि फोनवर घसा ताणून बोलण्याची जी सवय आज असभ्य म्हणून ओळखली जाते तिचे मूळ येथे आहे. ज्या पिढीने फोन प्रथम असा ऐकला, तिला अंतर जितके जास्त तितका आवाज मोठा हे समीकरण शरीरानेच शिकवले होते. ती पिढी आज मोबाईलवर पुण्यातल्या मुलाशी बोलताना सबंध गल्लीला ऐकू जाईल असे बोलते तेव्हा तिला उद्धट ठरवणे अन्यायाचे होईल.

याच काळात शेजारच्या फोनची एक संपूर्ण आचारसंहिता तयार झाली. ट्रंक कॉलच्या वर्गांत 'पर्टिक्युलर पर्सन' म्हणजे विशिष्ट व्यक्तीलाच बोलावून जोडून द्यायचा एक प्रकार होता आणि त्याची 'पी. पी.' ही आद्याक्षरे. पुढे लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या पावतीवर आपल्या नावापुढे शेजाऱ्याचा नंबर छापून त्यापुढे 'पी. पी.' लिहिण्याचा प्रघात पडला. असा नंबर देण्याआधी शेजाऱ्याला विचारायचे, जेवणाच्या वेळी आणि रात्री उशिरा फोन करू नका असे नातलगांना बजावून ठेवायचे, बोलावणे आले की हातातले काम टाकून धावत जायचे, चप्पल दाराबाहेर काढायची, बोलणे दोन मिनिटांत आवरायचे आणि निघताना घरातल्या वडीलधाऱ्यांची विचारपूस करायची, हे सर्व कोणी न सांगता पाळले जाई. फोनवाल्या घराचीही काही बंधने होती. शेजारीण बोलत असताना घरच्यांनी स्वयंपाकघरात निघून जायचे, रेडिओ कमी करायचा, कानावर पडलेले कानाआड करायचे. फोन बैठकीत एका तिवईवर विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असे, आणि तबकडीच्या भोकात लहानसे कुलूप अडकवलेले असे. हे कुलूप म्हणजे कंजूषपणा नव्हता, कारण येणारा फोन कुलूप असतानाही घेता येई आणि शेजाऱ्यांचे बहुतेक फोन येणारेच असत. आपल्या घरची वस्तू दुसऱ्याच्या सुखदुःखासाठी खुली ठेवण्याची आणि त्या सुखदुःखाकडे न पाहण्याची ही दुहेरी शिस्त ज्यांनी पाळली, त्यांच्या सौजन्याची नोंद कोठेही झालेली नाही, आणि फोनच्या इतिहासातील ही मोठी उणीव आहे.

ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या गावचा नंबर फिरवण्याची सोय, म्हणजे एसटीडी, देशात २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान प्रथम सुरू झाली, पण ग्रामीण भागापर्यंत ती पोचायला ऐंशीचे दशक उजाडले. १९८४ साली सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या संस्थेने वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उकाडा सोसून चालणारे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्सचेंज तयार केले आणि १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसवले गेले. त्यानंतरच्या दशकात एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी देशभर पसरली. परवाने देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य असल्यामुळे कित्येक घरांची चूल या पाटीवर पेटली. भंडाऱ्याचा ०७१८४ हा कोड पाठ असणे ही त्या काळात बाहेरगावी राहणाऱ्या भंडारेकराची खूणच होती.

रीतीच्या दृष्टीने बूथचे महत्त्व त्याच्या काचेत आहे. एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी केबिन, आत टांगलेला छोटा पंखा, बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाल आकड्यांत वाढत जाणारे मीटर, बाहेर बाकावर बसलेली रांग आणि शेवटी यंत्रातून फाटून येणारी बिलाची कागदी पट्टी, एवढ्या सामानाने सार्वजनिक संभाषणाच्या तीन अडचणी एकदम सोडवल्या. काचेमुळे आवाज बाहेर जात नसे, मीटरमुळे बोलणे लांबत नसे, आणि बाहेरची रांग दिसत असल्यामुळे आपण कोणाचा तरी वेळ वापरत आहोत हे विसरता येत नसे. कॉलचे दर रात्री उशिरा पूर्ण दराच्या चौथाईपर्यंत उतरत, त्यामुळे नागपूर, भिलाई किंवा मुंबईला असलेल्या पोरांशी बोलायला माणसे जेवणे आटोपून बूथवर येत, आणि त्या बाकावर बसून एकमेकांची पोरे कशी आहेत हे विचारणे ही रांगेतली रीत झाली. केबिनमधून रडत बाहेर आलेल्या बाईला कोणी काही विचारत नसे. बूथवाला तिच्याकडून पैसे घेताना मान खाली घालत असे. सभ्यता केवळ माणसाच्या स्वभावात नसते, ती लाकूड आणि काच यांतही घडवता येते, हे बूथने दाखवले आणि मोबाईलच्या काळात ही केबिन नाहीशी झाली तेव्हा नेमके काय गेले याचा विचार फारच थोड्यांनी केला.

हातात धरून बोलायच्या मोबाईलवरचे पहिले संभाषण मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या भर रस्त्यात उभे राहून केले होते, म्हणजे हे यंत्र जन्मतःच चारचौघांतले होते. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. सुरुवातीचे दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होते आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे दुसऱ्याला फोन करणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालणे होते. यातूनच 'मिसकॉल' ही एक भाषा घडली. एक घंटी वाजवून तोडली तर 'पोचलो', दोनदा वाजवली तर 'तू लाव', ठरलेल्या वेळी वाजली तर 'निघालो' असे अर्थ घराघरांत ठरलेले असत, आणि कोणी कोणाला मिसकॉल मारावा यालाही मर्यादा होती : लहानाने मोठ्याला मारला तर चालतो, कारण मोठा पैसे सोसणार हे गृहीत असते, पण कमावत्या जावयाने सासऱ्याला मिसकॉल मारणे हलके समजले जाई. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले तरी ही घंटीची भाषा आणखी कित्येक वर्षे टिकली.

या संक्रमणाच्या काळातली एक योजना येथे आवर्जून नोंदवायला हवी. २००२ च्या डिसेंबरात बीएसएनएलने ग्रामीण संचार सेवक या नावाने ग्रामीण डाकसेवकांच्या हाती बिनतारी फोन देऊन तो दारोदार फिरवण्याची योजना आणली. पोस्टमन पत्राऐवजी फोनच घेऊन ओट्यावर येईल, घरची माणसे त्याच्यासमोर बोलतील आणि तो पैसे घेऊन पुढच्या घरी जाईल, ही कल्पना आज विसरली गेली आहे. परंतु निरोप्याची जुनी विश्वासाची भूमिका आणि नवे यंत्र यांची सांगड घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. त्याला वेळ मिळाला नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील मोबाईलची संख्या तारेच्या फोनपेक्षा जास्त झाली, १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी देशात कोठेही मिनिटाला एक रुपया असा दर आणला आणि २००९ साली सेकंदाला एक पैसा अशी आकारणी सुरू झाली. २०११ च्या जनगणनेत देशातील ६३.२ टक्के घरांत फोन असल्याचे दिसले, आणि त्यांपैकी बहुतेक घरांत फक्त मोबाईलच होता.

तारेचा फोन घराला असे, मोबाईल माणसाला असतो. या एका बदलाने बोलण्याची सुरुवातच बदलली. पूर्वी फोन उचलणारा 'हॅलो, कोण बोलून राहिला?' असे विचारी आणि करणारा आधी आपले नाव, मग गाव, मग ज्याला बोलवायचे त्याचे नाव सांगे. नाव पडद्यावर दिसू लागल्यावर हा प्रास्ताविक भाग गळाला आणि त्या जागी 'कुठे आहेस?' हा नवा प्रश्न आला, कारण ०७१८४ सारखा ठिकाणा सांगणारा आकडा मोबाईलच्या नंबरात नाही. हा प्रश्न वरवर निरुपद्रवी असला तरी चारचौघांत उत्तर द्यायला अवघड असतो, आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात बसून 'बाजारात आहे' असे सांगणाऱ्या बाईचे खोटे तिच्या शेजारी बसलेल्या दहा जणांना ऐकू जाते. अनोळखी नंबरावरून बोलताना आधी आपले नाव सांगावे, ही जुनी रीत मात्र अजूनही जेथे पाळली जाते तेथे समोरच्याचा सूर लगेच बदलतो. 'हव जी, बोला जी' हा विदर्भाचा आदराचा होकार अशा वेळी हमखास ऐकू येतो.

फोनवरच्या नमस्काराचा इतिहास स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे. 'हॅलो' हा शब्द टेलिफोनसाठी १८७७ साली थॉमस एडिसन यांनी सुचवला आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना पसंत असलेला खलाशांचा 'अहॉय' मागे पडला. भंडाऱ्यात फोन उचलल्यावर हॅलोच्या पाठोपाठ 'राम राम', 'जय भीम', तुकडोजी महाराजांच्या अनुयायांचे 'जय गुरुदेव' किंवा गोंड समाजातले 'जय सेवा' येते, आणि बसमध्ये किंवा कचेरीत हे शब्द मोठ्याने उच्चारले गेले की बोलणारा कोण हे आसपासच्यांना कळते. ज्या जिल्ह्याच्या मतदारसंघातून १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पोटनिवडणूक लढवली आणि ज्यात त्यांना पराभव पत्करावा लागला, त्या जिल्ह्यात मोकळ्या आवाजात 'जय भीम' म्हणणे हे केवळ अभिवादन नसते. आणि आसपासच्यांनी ते ऐकून नजर न फिरवणे, कुजबुज न करणे, हाही फोनच्या शिष्टाचाराचा भाग मानला पाहिजे, जो कोणत्याच परिपत्रकात आढळत नाही. २ ऑक्टोबर २०२२ पासून राज्य सरकारने अधिकारी-कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे असे अभियान सुरू केले, तेव्हा फोनवरचा पहिला शब्द किती भारलेला असतो याची चर्चा काही काळ उघडपणे झाली.

सरकारी पातळीवर मोबाईलच्या वागणुकीचा अधिक तपशीलवार दस्तऐवज त्याआधीचा, २३ जुलै २०२१ चा आहे. सामान्य प्रशासन विभागाने त्या दिवशी काढलेल्या परिपत्रकात कार्यालयीन वेळेत शक्यतो तारेच्या दूरध्वनीचा वापर करावा, मोबाईलवर बोलताना आवाज सौम्य ठेवावा, आजूबाजूला माणसे आहेत याचे भान राखून वाद घालू नये, समाजमाध्यमांचा वापर मर्यादित करावा, वैयक्तिक कॉल कक्षाबाहेर जाऊन घ्यावेत आणि बैठकीत किंवा वरिष्ठांच्या दालनात मोबाईल मूक अवस्थेत ठेवावा, अशा सूचना होत्या. सूचना योग्यच आहेत. मात्र जिल्ह्याच्या कचेरीत या नियमाचा खरा कस वरिष्ठांच्या दालनात लागत नाही, तो सातबाऱ्यासाठी किंवा दाखल्यासाठी लाखांदुराहून एसटीने आलेला माणूस टेबलासमोर उभा असताना लागतो. त्याच्या अर्जावर बोट ठेवून खिडकीबाहेर पाहत बोलणारा कारकून सौम्य आवाजात बोलत असला तरी समोरच्याचा अपमान होतोच, आणि ज्याच्याकडे दुसरा दिवस आणि दुसरे भाडे नाही त्याला हा अपमान बोलूनही दाखवता येत नाही.

आवाजाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण एकच आवाज एका जागी सोबत असतो आणि दुसऱ्या जागी अतिक्रमण. २००८ च्या सुमारास मोठ्या स्पीकरचे स्वस्त चिनी मोबाईल बाजारात आले. ओळखक्रमांक नसलेले असे फोन १ डिसेंबर २००९ पासून जाळ्यातून बंद करण्यात आले, पण तोवर मोबाईल हे बोलण्याइतकेच गाण्याचेही यंत्र झाले होते आणि तालुक्याच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा चालू लागला होता. पावसाळ्यात रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपे चिखलात लावण्याच्या, दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकलेल्या बायांपैकी एकीच्या कमरेला पन्नीत गुंडाळलेला मोबाईल खोचलेला असतो. ओल्या हातांनी त्याला शिवायचे नाही म्हणून गाणे एकदा लावले की संपेपर्यंत चालू राहते, आणि पन्नीतून येणारा तो घुसमटलेला सूर ऐकत सबंध ओळ मागे मागे सरकत जाते. तेथे हेडफोन लावणे हेच असभ्य ठरेल, कारण गाणे सगळ्यांचे आहे आणि पूर्वी ते सगळ्यांच्याच तोंडी असे. तोच मोबाईल संध्याकाळी तुमसर-भंडारा बसमध्ये तसाच वाजू लागला तर आजारी मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या प्रवाशाला तो ऐकावाच लागतो. त्याने ते गाणे निवडलेले नाही आणि त्याला उठून जाता येत नाही, एवढ्या दोन गोष्टींनी बांधी आणि बस यांतला फरक पुरेसा स्पष्ट होतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचे दर कोसळले आणि किमतीचा शेवटचा लगामही सुटला. बोलणे आता मोजावे लागत नव्हते, चित्रफिती पाहणे मोजावे लागत नव्हते, आणि एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या छोट्या चित्रफितींचे तुटक आवाज प्रवासाचा कायमचा भाग झाले. नियम आले ते यानंतरच, हा क्रम बोलका आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने फोनवर बोलण्यास आणि गाणी वाजवण्यास मनाई केली; हावडा-मुंबई मार्गावरील वरठीच्या भंडारा रोड स्थानकातून रात्रीच्या गाड्यांत चढणाऱ्यांना या आदेशाचे मोल कळेल. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टने बसमध्ये हेडफोनशिवाय चित्रफिती पाहण्यास आणि मोठ्याने बोलण्यास बंदी घातली, आणि राज्य परिवहन महामंडळानेही त्याच वर्षी एसटीच्या प्रवाशांसाठी तशाच सूचना काढल्या. जपानमध्ये मोबाईल मूक करण्याच्या सोयीलाच 'मॅनर मोड' म्हणतात आणि गाडीत तशी विनंती नेमाने होते. तेथे यंत्राच्या बटणाला शिष्टाचाराचे नाव मिळाले, येथे वाहकाला तिकिटे फाडता फाडता शिष्टाचाराचा पहारेकरी व्हावे लागले, आणि गच्च भरलेल्या गाडीत त्याच्याकडून ती अपेक्षा करणे फारसे न्याय्य नाही.

नाट्यगृहातला प्रश्न शहरांत जास्त गाजला. २०१९ साली नाशिकमध्ये अभिनेते सुमीत राघवन यांनी प्रेक्षागृहात मोबाईल वाजत राहिल्यामुळे 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग थांबवला आणि त्याच वर्षी सुबोध भावे यांनीही अशा अनुभवांवर जाहीर संताप व्यक्त केला. झाडीपट्टीची, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील जंगलपट्टीची, रंगभूमी मात्र निराळ्या शिस्तीची आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, पाहुणे येतात, आणि रात्री दहाच्या सुमारास मंडपात सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तेथे पोरे झोपतात, उठतात, माणसे चहाला जाऊन येतात, आवडत्या गाण्याला पुन्हा पुन्हा मागणी होते. त्या गजबजाटात वाजलेल्या एखाद्या घंटीने रसभंग होत नाही आणि शहरी नाट्यगृहाचा शांततेचा नियम तेथे लावणे अज्ञानाचे होईल. तेथे खरा अपराध आहे तो मोबाईल उंच धरून सबंध प्रवेश चित्रित करण्याचा, कारण त्याने मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची दृष्टी अडते आणि हंगामाच्या चार-पाच महिन्यांत प्रयोगांवरच जगणाऱ्या कलावंतांचे काम फुकटात पसरते.

माणसांपलीकडेही या रीतीचा एक प्रांत आहे. नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी 'एफ-२' या वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट सफारीच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवली. पर्यटकांनीच घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ताडोबा व्याघ्र प्रकल्पात २०१८ च्या डिसेंबरापासूनच गाभा क्षेत्रात मोबाईल नेण्यास बंदी घालण्यात आली होती, आणि तिचे कारण उघड आहे : वाघ कोठे दिसला हे एका गाडीतून दुसऱ्या गाडीला कळले की सगळ्या गाड्या तेथेच धावतात. हाकाऱ्यांनी वाघाला घेरण्याची शिकारीच्या काळातली पद्धत आवाजाने चालत असे. आता तीच घेराबंदी निःशब्द संदेशांनी होऊ शकते, आणि जनावराच्या दृष्टीने या दोहोंत काही अंतर नाही.

काही गावांनी या साऱ्यावर स्वतःच रीत बसवण्याचा प्रयत्न केला आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले मोबाईल व टीव्ही बंद राहतात. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामसभेने त्याच वर्षी नोव्हेंबरात अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. बान्सीचा ठराव मुलांवर ओझे टाकतो आणि मोठ्यांना मोकळे सोडतो, म्हणून तो कमकुवत वाटतो. वडगावचा भोंगा मात्र सर्वांना सारखाच लागू आहे, आणि तो ऐकून कोतवालाच्या दवंडीची आठवण होणे स्वाभाविक आहे.

दवंडी दुसऱ्याही वाटेने परत आली आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील पावसाने आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर येऊन भंडारा शहराचा मोठा भाग पाण्यात गेला, तेव्हा पाणी कोठवर आले हे वस्त्यावस्त्यांना कळले ते बरेचसे मोबाईलवरून, आणि खऱ्या बातमीबरोबर खोटीही तितक्याच वेगाने पसरली. त्यानंतर आपत्तीची सूचना एखाद्या भागातील सर्व मोबाईलवर एकाच वेळी पोचवणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्या सुरू झाल्या. २० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रात असंख्य मोबाईल एकाच सुमारास कर्कश आवाजात थरथरले : बसमध्ये, वर्गात, बैठकीत, दवाखान्यात. कोणी कोणाकडे रागाने पाहिले नाही. सगळ्यांनी आपापला मोबाईल हातात घेतला, एकच मजकूर वाचला आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारले, तुमच्यावरही आला का?